शालिकरामच्या नावाचा घास

अकोला, रविवार २३ फेब्रुवारी २०२५

करिश्मास,
जय भीम.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंस, आईच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ओळखून ठेवून दिलास. कागदाला ब्लॉक करता येत नाही, म्हणून कागद घेतला. लगेच फाडू नकोस. हे पत्र तुला एकटं मिळणारच नाही, सगळी एकदम येतील. माझे वरिष्ठ इंगोले साहेब ती आपल्या कपाटात कुलपात ठेवणार आहेत आणि काम संपल्यावरच पोस्टात टाकणार आहेत. काम संपायच्या आधी मीच संपले तरी टाकतील. तसं कबूल करून घेतलंय.

आईला वाटतं मी नाशिकला ट्रेनिंगला गेले आहे. तूही तेच समजत असशील, समजायची इच्छा असेल तर. खरं असं आहे की अमरावतीची पोलीस शिपाई माया तायडे सध्या कुठेच नाही. अकोल्यात, जठारपेठेतल्या एका पापडाच्या कारखान्यात आरती नावाची एक विधवा कामाला लागली आहे. बार्शीटाकळीकडच्या शेतकरी घरातली सून. नवरा शालिकराम मोटारीचा करंट लागून गेला, सासरच्यांनी हाकललं. हे सगळं साहेबांनी रचलं. विधवेला कोणी फार प्रश्न विचारत नाही, हा त्यांचा हिशोब. मला पापड लाटता येतात का, एवढं विचारायचं तेवढं राहून गेलं. माझा पहिला पापड पाहून शेजारची म्हणाली, "हा कोन्त्या देशाचा नकाशा होय वो?"

पापडाच्या आड बोगस बियाण्याचा धंदा आहे. कापसाच्या जिनिंगमधली साधी सरकी, जी ढोरं खातात, ती खऱ्या बियाण्यासारखी गुलाबी रंगवायची, मोठ्या कंपनीच्या नावाच्या नकली पाकिटात भरायची आणि मृगाच्या आधी पाच जिल्ह्यांत पोचवायची. मालक पुंजाराम. दोनदा धाड पडली, दोन्ही वेळा पोलिसांना फक्त पापड सापडले. माल कुठे भरतात हे आतल्या बायांनाच ठाऊक, आणि आतल्या बाया बोलत नाहीत. गेल्या वर्षी एका ड्रायव्हरनं तोंड उघडलं होतं. तो आता काठी घेऊन चालतो. मला आत शिरायचंय आणि ती जागा शोधायचीय, एवढंच काम.

आता मुद्द्याचं. चार वर्षं तू पुण्यात भाड्याच्या घरात पाटील म्हणून राहतेस. करार मैत्रिणीच्या नावावर, दारावर पाटील. त्यावरून आपलं काय वाजलं ते पुन्हा उगाळत नाही, मी बोलले ते बोलले. पण आता या विद्येत तू माझी सीनियर आहेस. मागून कुणी खऱ्या आडनावानं हाक मारली तर मान कशी वळू द्यायची नाही? ताप आला तर काय करतेस? मी परवा तापात बडबडेन म्हणून तोंडात पदराचा बोळा धरून झोपले. तुझ्याकडे काही सोपी युक्ती असणार.

तुझी ताई


अकोला, रविवार २३ मार्च

करिश्मास,

मला एक कोडं पडलं होतं आणि ते मी सोडवलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि इथे सांगायची सोय नाही.

कारखान्यात दोन जातीच्या बाया आहेत. म्हणजे जातीच्या नव्हे, तू लगेच कान टवकारशील. लाटणाऱ्या आणि "मागच्या". मागच्या सात-आठ जणींना सकाळी एक बंद टेम्पो कुठेतरी घेऊन जातो आणि संध्याकाळी आणून सोडतो. त्यांच्या हातांवर कायम मेंदी. घरात लग्न नाही, सण नाही, मंगळवारी बघ, बुधवारी बघ, कोपराच्या खालपर्यंत मेंदी. एकीला विचारलं, तर म्हणे हौस. साठीच्या गोदाबाईला दर आठवड्याला कसली हौस असते, यावर मी पंधरा दिवस डोकं खाजवलं.

मग धुळवड आली. त्या आठवड्यात एकीनंही मेंदी काढली नाही. सगळ्यांचे तळवे गुलाबी, आणि शहरात सगळ्यांचेच गुलाबी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सरकीचा रंग हाताला लागतो आणि आठवडाभर जात नाही. तो झाकायला मेंदी. हातमोजे घालून बारीक सरकी भरता येत नाही. बाजारात कुणी गुलाबी हात पाहिले तर विचारेल, मेंदी पाहून कोण विचारणार? ही शक्कल ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला खरं तर आमच्या खात्यात घ्यायला पाहिजे.

आणि तिथेच माझं घोडं अडलं. विधवेच्या हातावर मेंदी कशी चालणार? साहेबांनी मला विधवा केली आणि स्वतःच आतलं दार लावून घेतलं. आम्ही रविवारी भाजीबाजारात भेटतो, तिथे हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ वांग्याकडे बघत राहिले.

अक्कल पुंजारामची नाही, हेही कळलं. ती त्याच्या वहिनीची, पार्वताबाईची. मोठा भाऊ वारला, तेव्हापासून बायांचं सगळं तीच बघते. पुंजारामला पापडाचा खरा अभिमान आहे. मिरी कमी पडली तर घाणा फेकून देतो. शेतकऱ्याच्या मातीत ढोराची सरकी घालणारा माणूस पापडात भेसळ खपवून घेत नाही, हे मला कळतच नाही. मी त्याला तोंडावर विचारणार होते, मग आठवलं मी आरती आहे. पापड मात्र फार चांगले आहेत, आणि त्याचाच मला राग येतो.

पार्वताबाई उंच, काळी, बोलायला कमी. माझ्या पापडाची कड बोटानं नीट करून जाते, रागवत नाही. काल मला म्हणाली, "जेवत काहून नाई नीट? तो गेला म्हणून तू बी जातं का त्याच्या मागं?" मी मान खाली घातली. मेलेल्या नवऱ्यासाठी मान खाली घालायची मला आता सवय झाली आहे. कधी कधी शालिकरामचा चेहराही दिसतो. मिशा आहेत.

ताई


अकोला, रविवार २० एप्रिल

करिश्मे,

चौदा तारखेला तू पुण्यात काय केलंस? दार लावून घरात बसलीस, की लांबच्या चौकात जाऊन आलीस जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही? मी चार वर्षं हा प्रश्न रागानं विचारत होते, आज नुसता विचारतेय.

मी लाटत होते. मुख्य रस्त्यावरून मिरवणूक गेली, ढोल छातीत वाजत होते. आपण अंजनगावात पांढऱ्या साड्या नेसून निघायचो, आई पुढे, तू माझ्या मागे पदर धरून. पाय आपोआप ताल धरायला लागले तेव्हा मी मांडी घट्ट घातली. शेजारची म्हणाली, "आता दिवसभर रस्ता बंद ठेवतीन हे लोक." मी म्हटलं, "हो ना."

एवढाच शब्द. तो अजून घशात आहे. तू असे किती गिळलेस?

काम पुढे सरकत नाही. मृग दीड महिन्यावर आला. साहेब म्हणतात मे अखेरपर्यंत जागा कळली नाही तर माल निघून जाईल आणि मी परत यायचं.

ताई


अकोला, रविवार ४ मे

करिश्मे,

हे पत्र नीट वाच, कारण माझं मलाच नीट कळलेलं नाही.

अक्षय तृतीयेला पुंजाराम सगळ्या कामवाल्या बायांना घरी जेवायला बोलावतो. रस, पुरण, कुरडया. आधी पितरांना जेवू घालायचं. नवी घागर पाण्यानं भरून ठेवलेली, तिच्यापुढे गोवरीचे निखारे. घरातले एकेक जण पुढे येऊन आपापल्या मेलेल्यांच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकत होते. मी मागे, भिंतीला टेकून. एवढ्यात पार्वताबाई म्हणाली, "आरती, ये. तुझ्या मान्साचं पयलंच वर्ष हाये. टाक त्याच्या नावानं."

साहेबांनी मला सगळं शिकवलं होतं. कुलदैवत, गोत्र, सासरच्या शेताचा बांध कोणत्या नाल्याला लागतो तेसुद्धा. हे शिकवलं नव्हतं. आणि आपल्या घरी आजोबांनी छप्पन्न सालीच हे सगळं सोडलं, तर मी पाहणार कुठे? आधी तूप सोडून जाळ धरू द्यायचा असतो, मग घास, मग पाणी फिरवायचं. मी सरळ पोळीचा घास निखाऱ्यावर ठेवला. धूर झाला. सगळे खोकायला लागले. मी गडबडले आणि गडबडीत हातांनी जे येतं तेच केलं. गुडघे टेकले, हात जोडले आणि जमिनीला कपाळ लावून वाकले. एकदा नाही, तीनदा. विहारात वाकतो तशी.

तिसऱ्यांदा उठले.

पुंजाराम म्हणाला, "हे कोन्ती रीत होय?"

माझ्या डोळ्यांपुढे काठी टेकत चालणारा तो ड्रायव्हर आला. आणि पार्वताबाई अगदी सहज म्हणाली, "आमच्या माहेराकडची होय. तिची माय माझ्या गावची, आमच्याच गल्लीतली. तुमाले कायले ठाऊक राहीन?" मग तिनं माझ्या हातातलं ताट घेतलं, तूप सोडलं, जाळ उठला, आणि तिनं स्वतः घास टाकला. मोठ्यानं म्हणाली, "शालिकराम, जेव रे बापा. तुझी बायको सुखी हाये. तिची काळजी करू नको." पाणी फिरवलं आणि हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं.

माझी आई तिच्या गावची नाही, करिश्मा. तिचं गाव कोणतं हेसुद्धा मला ठाऊक नाही.

मग ती खोटं का बोलली?

मी आज बाजारात साहेबांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, तिनं ओळखलं तुला, आजच बस धर. मी म्हटलं, ओळखलं असतं तर दिराला सांगितलं असतं. ते म्हणाले, मग सापळा असेल. मी म्हटलं, सापळा लावणारी बाई मेलेल्या माणसासाठी रडत नाही. ते म्हणाले, तुला काय माहीत? खरंच, मला काय माहीत. पण मला जाणून घ्यायचंय. साहेबांना वाटतं मी शूर आहे. मी शूर नाही, मला फक्त हे "काहून" सोडवत नाही. लहानपणी तू म्हणायचीस ना, ताईला कुणी विहिरीत ढकललं तर ती आधी विचारेल विहीर किती खोल आहे.

आणखी एक आठवडा मागून घेतलाय.

ताई


अकोला, रविवार ११ मे

करिश्मे,

मी आत गेले.

सोमवारी सकाळी टेम्पो उभा होता. पार्वताबाईनं मला हात धरून चढवलं. पुंजाराम दारात होता. म्हणाला, "हिच्या हाताले मेंदी कुठी हाये?" ती म्हणाली, "माह्या हाताले तरी कुठी हाये? म्या सील मारतो, ते बी सील मारीन. सरकीले हात लावाचं कामच नाई." पुंजारामनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "वयनी, हिची जबाबदारी तुमची." "माहीच," ती म्हणाली.

जागा सापडली. बार्शीटाकळीच्या रस्त्याला आत एक बंद पडलेली जिनिंग आहे. साहेबांना खुणा दिल्या. माल वीस तारखेच्या सुमारास निघणार.

दिवसभर आम्ही दोघी समोरासमोर बसतो. मध्ये पाकिटं बंद करायची तापलेली मशीन. ती पाकीट धरते, मी दांडी दाबते. पत्र्याखाली इतकं उकडतं की बोलायला जीव राहत नाही, तरी मी बोलते. एक दिवस विचारलं, "माय, हे पेरून उगवत नाई म्हणतात." म्हणाली, "उगवते. बोंड धरत नाई." विचारलं, "मंग वाईट नाई वाटत?" तिनं पाकीट मशीनमध्ये सरकवलं. "वाट्टे. पन दिराच्या घरी राह्यतो. वाटून कोनाच्या दारात जाऊ?"

मग मी धीर करून विचारलं, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी खोटं काहून बोललात? तिनं मान वर केली नाही. "दांडी दाब," म्हणाली. "पाकीट जळून राह्यलं."

दुपारी डबा उघडला की ती आपल्या भाकरीतली अर्धी माझ्याकडे सरकवते आणि माझ्या डब्यातली भाजी घेते. बाकीच्या बाया तिच्या हातचं घेतात, पण तिनं कुणाच्या डब्यातलं घेतलेलं मी पाहिलेलं नाही. फक्त माझ्या. हे तृतीयेनंतर सुरू झालं, आधी नव्हतं. याचा अर्थ मला लागत नाही. उद्या बुद्धपौर्णिमा आहे. आई खीर करेल.

ताई


अमरावती, रविवार २५ मे

करिश्मा,

संपलं. मी ठीक आहे. डाव्या मनगटावर मशीनचा चटका आहे, बाकी काही नाही. आईला फोन केला, आधी रडली, मग शिव्या दिल्या.

धाड मंगळवारी सकाळी पडली. माल, छापलेली नकली पाकिटं, रंगाचे ड्रम, सगळं मिळालं. पुंजाराम पापडाच्या घाण्यापाशी सापडला. ठरल्याप्रमाणे बायांबरोबर मलाही पकडून गाडीत घातलं, म्हणजे तिथल्या तिथे कुणाला संशय नको. बाया रडत होत्या. गोदाबाई मेंदीचे हात तोंडावर घेऊन बसली होती. पार्वताबाई माझ्या शेजारी. ती रडत नव्हती. गाडी हलली तशी माझ्या कानाशी आली.

"तू भेऊ नको. म्या सांगीन, हिले काईच माहीत नवतं, म्या आनली म्हणून आली. फक्त येक काम कर. तिथं आपलं खरं नाव सांग. आधारकार्ड मागतीन, खोटं नाव सांगशीन तं जास्ती फसशीन."

मी तिच्याकडे पाहिलं.

"मले त्याच दिवशी समजलं," ती म्हणाली. "माह्या माहेरी आमचं घर विहाराच्या मागं होतं. तीनदा कोन वाकते, मले ठाऊक हाये. म्हटलं, पोर जात लपवून पोट भरून राह्यली. आमचे लोक तुमाले पापडाले हात लावू देत नाईत, मंग लपवीन नाई तं काय करीन? त्यात काई पाप नाई. म्हणून बोल्ली म्या खोटं."

करिश्मा, तीन आठवडे मी या प्रश्नापायी जीव धोक्यात घालून बसले होते, आणि उत्तर हे होतं. तिनं माझं निम्मं खोटं पकडलं. तिला वाटलं तेवढंच आहे. ते निम्मं तिनं स्वतःच्या पदराखाली घेतलं आणि त्या पदराआडून मी तिच्या घरात शिरले. माझ्या डब्यातली भाजी ती का घेत होती, तेही कळलं. मला कमी वाटू नये म्हणून.

गाडीत तिला खरं सांगायची परवानगी नव्हती.

ठाण्यात उतरलो. बायांना ओळीनं बसवलं. आतून महिला हवालदार आली आणि म्हणाली, "तायडे मॅडम, तुम्ही इकडं या." पार्वताबाईनं माझ्याकडे पाहून मान हलवली. "सांगतलं ना खरं नाव? बरं केलं." मग हवालदारानं माझ्यासाठी खुर्ची ओढली. कुणीतरी पाणी आणलं. साहेब आले आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली.

ती बघत होती. एकेक गोष्ट तिच्या चेहऱ्यावर उतरताना मला दिसत होती. मला वाटलं शिवी देईल, थुंकेल. मी तयार होते. ती फक्त एवढंच म्हणाली, "मानूस तरी मेला होता का तुहा?"

मी म्हटलं, "नाही. माझं लग्नच झालेलं नाही."

तिनं विचारलं, "मंग तो घास म्या कोनाले टाकला वो?"

मला रागानं विचारलेले सगळे प्रश्न झेपतात. हा तिनं रागानं विचारला नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

काल मी जबाब लिहून दिला. पार्वता स्वतःच्या हातानं पाकिटं बंद करत होती, माल बोगस आहे हे तिला ठाऊक होतं, मेंदीची युक्तीही तिची. सगळं खरं आहे आणि सगळं लिहिलं. ज्यांच्या शेतात ती सरकी गेली असती त्यांची तोंडंही माझ्यापुढे होती. शेवटी लिहिलं की तिनं दोनदा माझा जीव वाचवला, एकदा तृतीयेला आणि एकदा टेम्पोपाशी. साहेब म्हणाले, याचा केसशी काय संबंध, ते वाक्य काढ. मी म्हटलं, ठेवा. त्यांनी कागद माझ्याकडून परत घेतला. ते वाक्य ठेवतील की नाही माहीत नाही. तिला जामीन मिळेल, मग ती त्याच दिराच्या घरी जाईल. माझी जबाबदारी तिनं घेतली होती, हे पुंजाराम विसरणार नाही. मी साहेबांना रोज त्याबद्दल विचारते. ते म्हणतात, बघू.

आता ही सगळी पत्रं तुझ्याकडे निघतील. ब्लॉक काढ म्हणून मी विनवणार नाही, तुझा फोन, तुझी मर्जी. पण एक सांग, पोस्टकार्डावर सांगितलंस तरी चालेल. मी तुला तेव्हा नको ते बोलले कारण मला वाटायचं, ज्यांच्याशी खोटं बोलायचं ती माणसं वाईटच असतात. तुझी घरमालकीण कशी आहे ग? तुझ्याशी चांगलं वागते का? आजारी पडलीस तर पेज करून देते का? वाईट असेल तर प्रश्नच नाही, राहा पाटील म्हणून खुशाल. पण चांगली असेल, तर तू तिच्यासमोर जेवतेस कशी, ते मला कळव.

तुझी,
माया तायडे